शिव्या घेऊन वरोरला

वरोरच्या धाकू तांडेलाने माझ्या वडिलांना फसवलं. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनी बेटावर जपान्यांच्या कैदेत असताना दोघांचं मिळून होडी चोरून पळायचं ठरलं होतं; हा एकटाच पळाला. लढाई संपून चाळीसेक वर्षं झाली तरी आमच्या कराडच्या घरी वडील रोज जेवायच्या आधी त्याला शिव्या घालत. त्या ऐकतच मी वाढलो, स्वतःच्या हिमतीवर गुळाची वखार उभी केली. तलासरीच्या बाजारात गूळ विकायला जायचं निघालं, तेव्हा ठरवलं, तिथून जवळच्या वरोरला जाऊन या माणसाला जाब विचारूनच परतायचं.

तलासरीहून एसटीने डहाणूला उतरलो. वाटेत ताडाची झाडं, चिकूच्या वाड्या. स्टँडबाहेर भाव करताना मी एक चिकू दाबून पाहिला.

"शेठ, मारलात की त्याला! आता घ्यावाच लागेल," चिकूवाली म्हणाली.

मी भडकलो, भांडून भाव पाडला. फळ इतकं गोड निघालं की पुन्हा घ्यायला गेलो, तर बाईने हसत भाव चढवला. मुकाट्याने दिला.

वरोरच्या किनाऱ्यावर दांड्यांवर बोंबील वाळत होते. वासाने डोकं भणाणलं. धाकू तांडेल (तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या) अंगणात जाळं शिवत होता. मी वडिलांचं नाव सांगितलं आणि उभ्या उभ्याच सुरू झालो. "तुझ्या होडीला बूड न राहो! तुझं जाळं खेकडे फाडोत! तुझं शीड भर वाऱ्यात फाटो!"

म्हातारा हसता हसता खोकू लागला. "अगं, ऐकलंस का?" त्याने बायकोला हाक मारली. "माझ्याच शिव्या कराडला जाऊन आल्या!"

"तुमच्या?"

"मग? तुझ्या बापाने होडी कधी पाहिलेली? मीच शिकवल्या. तापाने त्याला उभं राहवेना. म्हणाला, तू जा. मी म्हटलं, जपानी विचारतील तेव्हा मला मनापासून शिव्या घाल, म्हणजे तुला काही ठाऊक नव्हतं असं त्यांना वाटेल."

त्याच्या बायकोने तळलेले ओले बोंबील आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली. "भांडायचं तर पोटभर खाऊन भांड, बाबा." खाल्ल्यावर भांडणच सुचेना.

"मग वडील अजून शिव्या का घालतात?" मी विचारलं.

धाकूकाकांचे हात थांबले. "सुटल्यावर मुंबईच्या धक्क्यावर भेटला, तेव्हा त्याने सांगितलं. छावणीत आमच्या शेजारी गणपत झोपायचा. जपान्यांनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, धाकू माझा दोस्त, त्याला मी शिवी देणार नाही. अधिकाऱ्याने तिथेच त्याची मान उडवली. तेव्हापासून तुझा बाप थांबलाच नाही. शिव्या थांबल्या तर जपान्यांना कळेल आणि आपलीही मान जाईल, असं वाटतं त्याला."

धाकूकाकांना पुढल्या महिन्याचं बोलावणं देऊन मी कराडला पोचलो, तेव्हा वडील पाटावर बसत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "धाकूकाका बरे आहेत. पुढल्या महिन्यात येतायत."

वडिलांनी ताट पुढे ओढलं. "मासे आणेल का रे?" त्यांनी विचारलं, आणि त्या दिवशी शिव्यांशिवाय जेवले.

धाकूकाकांवरचा दावा मी मागे घेतला, राग मात्र सोडलेला नाही; तो आता दुसऱ्यावर आहे. तो जपानी अधिकारी जिवंत असेल, तर कुठेतरी नातवंडांत बसून जेवत असेल. त्याच्याशी मला घासाघीस करायची नाही. गणपतला का मारलंस, ते त्याने सांगावं.