बाबांनी जोडलेली चेन

परवा सकाळी चार महिन्यांनी सायकल बाहेर काढली. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्यात, ऊन चढायच्या आत मारेगावात एक चक्कर मारावी म्हटलं… गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तोच आवाज. टक्… टक्…

ही सायकल माझी, कॉलेजच्या दिवसांतली. मूळची गिअरची. गिअर कधीचे बिघडले होते, चेन सारखी उतरायची. मागच्या दिवाळीनंतर बाबांनी ती अंगणात उलटी केली आणि सगळे गिअर काढून टाकले. मागे एकच दातेरी चक्र, फ्रीव्हील, बसवलं, चेन कापून आखूड केली आणि पुन्हा जोडली.

सरकारी ऑफिसात जन्मभर फायली सांभाळलेला माणूस… पण हाताला ग्रीस लागलं की खूश असायचे. "आता हिच्यात बिघडाले काही उरलंच नाही," असं म्हणाले होते.

पण आवाज पहिल्याच दिवशी आला. मग रोज संध्याकाळी बाबा काहीतरी करायचे. कधी तेल, कधी पायडल घट्ट, कधी मागचं चाक काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले की दारातच विचारायचे, "गेला का?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मला उशीर होत होता. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी बाबांवर ओरडले… "तुम्हाले जमत नाही तर दुकानात द्या ना! कायले हट्ट करता?"

बाबा हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले. मी स्कूटी काढली आणि गेले. त्यानंतर सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. हार्ट अटॅक. ऑटो दारात येईपर्यंतही थांबले नाहीत…

तर परवा मी सायकल तशीच ढकलत बस स्टँडमागे शंकरभाऊंच्या दुकानात नेली. शंकरभाऊ आमच्या गावातले जुने सायकलवाले. बाबांची त्यांच्याशी चांगली बैठक होती.

ते आधी काही खोलत बसले नाहीत. स्वतःच सायकलवर बसून रस्त्यानं एक फेरी मारून आले, मान एका बाजूला कलती करून. परत आले आणि म्हणाले, "ताई, हे पायडलचं नाही. पायडलचं असतं तर दर चक्कराले वाजलं असतं. हे दोन चक्कर सोडून, मंग वाजून राह्यलं. चेनमंधी हाय काहीतरी."

सायकल उलटी केली आणि पायडल हातानं हळूहळू फिरवायला लागले. मीही वाकून बघत होते. एक कडी मागच्या चक्रावरून सुटताना वळलीच नाही, ताठच राहिली, आणि टक् करून उडाली. शंकरभाऊंनी तिच्यावर खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं… पुन्हा तीच कडी.

जिथे बाबांनी चेन जोडली होती, तीच ती. कडी जोडणारी पिन थोडी तिरपी गेली होती, एका बाजूनं जराशी बाहेर. आजूबाजूला हातोडीचे बारीक बारीक घाव. पाच-सहा तरी असतील. पिनवर न बसता बाजूला पडलेले.

"हात हालत होता त्यायचा," शंकरभाऊ म्हणाले.

मला कळेचना. मी विचारलं, कोणाचा?

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाले माहीत नाही? दिवाळीपासून थरथर होती उजव्या हाताले. इथं आले होते ना एकदा. म्हणे, शंकर, पिन ठोकता येऊन नाही राह्यली मले. मी म्हटलं, आणा इकडं, दोन मिनिटांचं काम हाय. तर म्हणे, नाही… पोरीची सायकल हाय, मीच करीन."

मी तिथल्या स्टुलावर बसले. शंकरभाऊ पाणी घेऊन आले.

मग मी म्हटलं, कडी बदलू नका, हीच सैल होते का बघा. त्यांनी मान हलवली. "तिरप्या पिनीचा भरोसा नाही, ताई. भर रस्त्यात तुटली तर पडसान. तुमचे बाबा असते तर त्यायनंच बदल म्हटलं असतं."

खरं होतं ते. नवीन कडी टाकली. दोन मिनिटंच लागली… खरंच दोन मिनिटं.

घरी आले तेव्हा आई कैऱ्या पुसत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. तिनं हातातली कैरी टोपलीत ठेवली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून मी त्यायले चहा अर्धाच कप देत होती. सांडू नये म्हणून. त्यायले वाटे, मले समजलंच नाही."

बाबा गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. परवा बोलायला लागली ती थांबलीच नाही. शर्टाची बटणं लावायला त्यांना किती वेळ लागायचा, सही बिघडते म्हणून बँकेत जायचं कसं टाळायचे… मला हे काही म्हणजे काहीच दिसलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसून ऐकत राहिले. मध्येच तीही रडली, मीही रडले.

बाबांची माफी मागायची राहून गेली, ती आता राहिलीच. पण आई बोलायला लागली… त्यासाठी शंकरभाऊ, तुमचे आभार कसे मानू, कळत नाही.