कौमुदीची उलटी घडी

कौमुदीला घाई हा प्रकारच ठाऊक नाही, असं माझं ठाम मत आहे.

सिडनीतल्या गिरावीनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती अगदी समोरच्या दारात राहते. मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानात ओसाकाला गेली आणि तिथल्या एका जुन्या, सात मजली दुकानात भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरवर लागली. ते दुकान मुळात किमोनोच्या कापडाचं. पूर्वी म्हणे गिऱ्हाइकं देवळात जावं तशी चपला काढून आत जायची. इथे आल्यावर ती नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. इथल्या इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर ती तुरीची डाळसुद्धा दोन्ही हातांनी, वाकून देते आणि मागे रांग खोळंबते.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट, सिडनीत कडक लॉकडाऊन. माझी नात मयूरा तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. शनिवारी तिचं लग्न, आणि आम्हाला तिकडची हद्द बंद. माझ्या वतीने जाणार होता तो माझ्या लग्नातला शालू. कुरियर चुकलं की शालू लग्नानंतर पोचणार. आणि तो बांधायला मी कौमुदीला सांगितलं!

जिन्यापाशी टेबल मांडून, मास्क लावून तिने खोका बांधला. सुरेख बांधला, एकाच चिकटपट्टीत. खाली व्हॅन थांबली, आणि ही बया कागद सोडायला लागली.

"कौमुदी! अगं, काय चाललंय?"

"काकू, घडीचं तोंड खाली गेलंय."

"मग?"

"जपानात तसं दुःखाच्या घरी पाठवताना करतात. दुःख गळून जावं म्हणून. लग्नाला तोंड वर ठेवतात, आनंद साठायला."

"कालगुर्लीत कोणाला कळणार आहे, बाई?"

"हाताला सवयच लागली हो. एप्रिलपासून तसेच डबे बांधतेय."

भारतातल्या कोरोनाच्या त्या लाटेत ज्यांचे आईवडील गेले आणि ज्यांना इथून निघता आलं नाही, त्यांच्या दाराशी ती जेवण ठेवून यायची. कागदात बांधून. 'डब्याला कशाला एवढा थाट?' असं मीच म्हटलं होतं.

कुरियरवाली धापा टाकत वर आली. "कमॉन, लव्ह!"

"टू मिनिट्स," म्हणत मी जिन्यात आडवी उभी राहिले. कुरियरवालीने कपाळाला हात लावला.

खोका गेला. व्हॅन वळेपर्यंत कौमुदी कठड्याशी वाकून उभी. "सरळ हो आता, कंबर धरेल," मी ओरडले.

शनिवारी सकाळी मयूराने व्हिडिओ कॉलवर खोका मांडीवर घेतला आणि कागद टर्रकन फाडला.

"अगं, हळू! घडी बघ की!"

"व्हॉट घडी, आजी?" शालू तिच्या खांद्यावर गेलाही होता.

समोरच्या दारात कौमुदी पोट धरून हसत होती. "पोचला ना वेळेवर, काकू?"

दोघींचाही मला मनस्वी राग आला.