थुंकी मागायला येणाऱ्या ताई

माणसाच्या थुंकीला इतका मान देणारी बाई सगळ्या पिंपरी-चिंचवडात दुसरी नसेल. दिघीच्या आमच्या सोसायटीत, माझ्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या ताई संशोधक आहेत. वय चाळिशीचं, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली आणि पर्समध्ये कंगव्याऐवजी झाकणाच्या नळ्या. त्या नळीत आपण थुंकायचं. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून माझ्याच हळदीकुंकवाला त्यांनी सात बायकांच्या हातातले दुधाचे पेले खाली ठेवायला लावले. चाकणच्या कांदा बाजारात जाऊन हमालांपुढे त्या तीन पानी संमतिपत्र मोठ्याने वाचतात. "अहो मॅडम, थुंकतो म्हटलं ना, वाचताय कशाला?" असं कुणी म्हटलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत सुटका नाही.

हा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलंच. "आजी, प्रत्येकाच्या पेशीत एक मोठं पुस्तक असतं. पुष्कळजण त्यातलं एखादं अक्षर बदललंय का ते बघतात, मी बांधणी बघते. कुणाची पानंच्या पानं गळालेली, कुणाची दोनदा शिवलेली, कुणाची उलटी. कुठल्या भागातल्या माणसांत काय जास्त आढळतं, ते शोधायचं."

"आमच्या घराण्यात पानं गळत नाहीत," मी ठणकावलं.

"सगळ्यांची गळतात हो. माझीही गळालीत. तरी भांडतोय ना आपण?"

फर्स्ट शिफ्ट करून आलेला माझा मुलगा पाचवी भाकरी घेत होता, त्याच्याकडे त्या कौतुकाने बघत राहिल्या. म्हणाल्या, "पिष्ट पचवणाऱ्या पानाच्या कुणाकडे दोन प्रती असतात, कुणाकडे दहा. दादांची नळी पाहिजेच!" बिचाऱ्याने भाकरी परत ठेवली.

पण खरी फजिती माझी झाली, तीही अगदी सुरुवातीला. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुमच्या दोन्ही आज्यांचं माहेर कुठलं? आजोबांची गावं?" घरात लग्नाचा नातू. आज्यांची माहेरं कोण विचारतं? मला वाटलं, स्थळ आणलंय. मग काय, पदर सावरून सांगितलं, चारही साताऱ्याकडची, वडिलांची आई तर वतनदारांची लेक! ताईंनी आनंदाने सगळं लिहून घेतलं, आणि मग पर्समधून नळी काढली.

वतनदारांची ही लेक मी एकोणिसाव्या वर्षी दापोडीला नवी नवरी म्हणून आले तेव्हा जन्माला घातली होती. सासूबाईंनी घराणं विचारलं आणि त्या शहाण्या पोरीने, म्हणजे मी, थाप ठोकली. काय तो तोरा! पुढे थाप इतकी मुरली, की हे गेले तेसुद्धा वतनदारांच्या लेकीचे नातजावई म्हणूनच गेले. खरी आजी धरणाच्या कामावर खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर आली होती. कुठून, ते कुणाला ठाऊक नाही. शेळ्यांशी ती आम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलायची.

महिन्याभराने ताई जिन्यात भेटल्या. "आजी, चारही जण एकाच भागातले, अशी माणसं मिळत नाहीत. तुमची नळी फार मोलाची." बाई इतकी खूश, की मला तोंड वर करवेना. माझ्या थापेवर तिचं काम उभं राहणार, आणि माझी खरी आजी तिथूनही पुसली जाणार. तशीच त्यांच्यामागून वर गेले आणि सगळं सांगून टाकलं.

ताई रागावल्या नाहीत. फॉर्म काढला, 'सातारा' खोडून 'माहीत नाही' लिहिलं.

"मग माझी नळी फुकट?"

"या गटात नाही बसणार आता." मग त्यांनीच विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"फॉर्मात नावाची जागा आहे?"

"नाही. मलाच विचारावंसं वाटलं."

"सासरी सरस्वती ठेवलं होतं. त्याआधीचं मी कधी विचारलंच नाही."

ताईंनी पेनाला टोपण लावलं, फॉर्म बाजूला सारला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "दिसायला कशा होत्या?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दिवेलागण झाली तरी मी सांगतच होते.