बागेतली हाक

निफाडहून परत आल्यापासून वृंदाला एकच घोर लागला होता. आण्णा आता कोणाच्या हाकेला ओ देत असतील?

आण्णा म्हणजे तिचे वडील, सावळीराम. निफाडच्या पुढे ओढ्याकाठी त्यांची द्राक्षबाग. माणूस अबोल. मनगटावर घड्याळ कधी नव्हतं, आणि भूक लागली असं तोंडाने कधी म्हटलं नाही. बागेत शिरले की वेलींच्या रांगांत असे गुंतायचे की दुपार टळली तरी भान नसायचं. मग वृंदाची आई, साळूबाई, घरामागच्या बांधावर उभी राहून हाक मारायची, "अहो, या आता, भाकरी निवली." तेव्हा कुठे आण्णा कात्री खिशात टाकून निघायचे. शेजारचे चेष्टा करायचे, "सावळीराम, वहिनी माहेरी गेल्या की उपाशीच मरायचा तू." आण्णा मिशीत हसायचे. आणि साळूबाई माहेरी गेली की खरोखरच उपाशी राहायचे. रांधता येत नव्हतं असं नाही. पण बोलावल्याशिवाय पानावर बसणं त्यांना चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं.

मणी गोड व्हायला लागले की बागेवर पाखरं उतरतात. साळूबाई पूर्वी गोफण घेऊन दिवसभर त्यांच्यामागे ओरडायची. घसा बसायला लागला तेव्हा तिनेच युक्ती काढली. बाजारातून गाणी ऐकायचा, आवाजही भरता येणारा बोटाएवढा प्लेअर आणला, त्यात आपलं ओरडणं भरलं आणि तो भोंग्याला जोडून भोंगा बांबूवर चढवला. मग सावलीत बसून स्वतःचाच आवाज ऐकायची आणि म्हणायची, "बाई गं, ही बया किती कडाकडा बोलते."

यंदा मार्गशीर्षात साळूबाई गेली. पुढे मणी भरले, पाखरं आली, आणि आण्णांनी दरवर्षीसारखा भोंगा चालू केला. पेठकडून काढणीला आलेल्या बाया पहिल्याच दिवशी कात्र्या टाकून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. गेलेल्या बाईच्या आवाजाखाली आम्ही काम करणार नाही, असं त्यांच्यातल्या थोरल्या सुलाबाईने सांगून टाकलं. तयार माल वेलीवर सडला असता. म्हणून आण्णा प्लेअर खिशात घालून नाशिकला, वृंदाकडे आले.

वृंदाच्या घरच्या संगणकावर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स होतं. मुलगा अमोल पुण्याला शिकायला जाताना ते घालून गेला होता, आणि तीही त्याला सरावली होती. तिने प्लेअर केबलने जोडला. पडद्यावर त्याचं चिन्ह उमटलं. आत आईच्या आवाजाच्या फाइली होत्या. त्या ऐकायचा तिला धीर झाला नाही. तिने सगळ्या निवडून डिलीट केल्या आणि त्यांच्या जागी फटाक्यांचे, ससाण्याचे आवाज भरले.

"गेली?" आण्णांनी विचारलं.

"गेली, आण्णा."

"समदी?"

"एकही नाही उरली."

आण्णा उठले. मग प्लेअर रुमालात बांधून निघून गेले.

थोड्याच दिवसांत सुलाबाईचा फोन आला, "ताई, एकदा येऊन बघून जा." एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

रविवारी सकाळी वृंदा बागेत पोचली. वेलींखाली गार, हिरवा अंधार होता. भोंग्यातून फटाके वाजले, पाखरांचा थवा उठला. मग ससाणा चिरकला. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आईचा आवाज आला. "हाऽ हाऽ, हुर्रर्र." रांगांतल्या सगळ्या कात्र्या एकदम थांबल्या. आवाज ओरडून थांबला, दम खाल्ल्यासारखा झाला, आणि साध्या, घरातल्या सुरात म्हणाला, "अहो, या आता, भाकरी निवली."

पलीकडच्या रांगेतून आण्णा उठले. कात्री खिशात टाकली आणि कोणाकडे न बघता घराच्या वाटेला लागले.

"पुसलं म्हनलं व्हतं ना तुम्ही?" सुलाबाई हळूच म्हणाली. "दिवसातून किती खेपा जातात घरी. आमी जायला निघालो व्हतो, पन म्हातारबाला असं टाकून जाववत नाय."

वृंदा घरात गेली तेव्हा आण्णा चुलीपाशी पाटावर बसले होते. चूल विझलेली. समोर ताट, त्यात सकाळी अर्धी खाऊन उरलेली भाकरी.

"आण्णा, आत्ताच तर जेवलात ना?"

"बोलावलं की यायचं."

"तो प्लेअर आहे, आण्णा. मशीन आहे ते."

"मशीनमधून तर तूच काढली ना तिला?" आण्णा पोराला गणित समजवावं तसे शांतपणे बोलले. "मशीन बोलत व्हतं तवर मी उठत नव्हतो. नुसता आवाज व्हता त्यो. आता मशीनमध्ये ती नाय. मंग आता हाक मारती ती कोन?"

हा प्लेअर मी तपासायला नेते, असं वृंदा कशीबशी म्हणाली. आण्णांनी स्वतः जाऊन भोंगा उतरवला, प्लेअर काढून तिच्या हातात दिला.

"घेऊन जा. तिला काय ह्याचं काम नाय."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. उलट ते बऱ्याच दिवसांनी समाधानी दिसत होते, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

घरी आल्या आल्या तिने प्लेअर संगणकाला जोडला. तिने भरलेल्या फटाक्यांच्या आणि ससाण्याच्या फाइली तेवढ्या दिसत होत्या. पण जागा मात्र भरलेली दाखवत होती, त्या मोजक्या फाइलींच्या मानाने कितीतरी जास्त. अमोलने कधीतरी दाखवलेल्या कळा तिने दाबल्या, लपलेलं दिसावं म्हणून. टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर वर आलं. ट्रॅश, म्हणजे कचरापेटी. त्यात आईच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा होत्या. पूर्वीच्या संगणकावर पेनड्राइव्हमधलं पुसलं की ते गेलंच, असा तिचा अनुभव. हा संगणक मात्र पुसलेलं त्याच प्लेअरच्या एका कोपऱ्यात लपवून ठेवत होता. नावातलं टिंब पाहून संगणक ते फोल्डर दाखवत नव्हता, पण त्या साध्या प्लेअरला टिंबाचं काय कळणार? नवे आवाज संपले की तो तिथलेही वाजवत होता.

तिने हेडफोन लावून एक फाइल शेवटपर्यंत ऐकली. पाखरांमागे ओरडून झाल्यावर आई यंत्र बंद करायचं विसरली होती आणि नेहमीच्या वेळी नवऱ्याला जेवायला बोलावून बसली होती. एवढंच होतं ते.

वृंदाने सुटकेचा श्वास टाकला. फाइली आपल्या संगणकावर उतरवून घेतल्या. ट्रॅश रिकामा करायला बोट नेलं, आणि तिथेच थांबली.

भोंगा दुपारपासून बंद होता. आण्णा बागेत असतील तर हाकेची वाट बघत वेलींखाली बसले असतील. दिवस मावळत आला होता, ओढ्याकडून गारठा चढत असेल. बोलावल्याशिवाय ते उठणार नाहीत. आणि फोन केल्यावर ते म्हणाले, "आत्ताच जेवलो, बोलावलं व्हतं तिनं," तर?

त्या उत्तराची तिला इतकी भीती वाटत होती की तिने फोन दोनदा हातात घेऊन खाली ठेवला. मशीनचं खरं सांगावं, तर त्यांना पुन्हा हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं. न सांगावं, तर ते त्या हाकेमागे कुठवर जातील याचा नेम नव्हता.

काही झालं तरी आज त्यांना कोणातरी जिवंत माणसाने घरात बोलवायला हवं होतं. आधी जेवायला हाक मारायची, ते चुलीपाशी येऊन बसेपर्यंत फोन ठेवायचा नाही, आणि दोन घास पोटात गेले की मग मशीनचं सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं आणि आण्णांचा नंबर लावला.