बेचाळीस नंबरचा शर्ट

अमेरिकेत ॲन आर्बरला ऑफिसला जाताना बसमध्ये मला रोज एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ दिसायचा. कडक थंडीतही जाड कोटावर बेसबॉलचा तोच शर्ट, पाठीवर बेचाळीस. याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी मला शंका यायची. माझ्या शेजारची सीट रिकामी असली तरी तो उभाच राहायचा, शर्टाच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत, प्रत्येकाकडे निरखून बघत. मी पर्स घट्ट धरून बसायचे.

एप्रिलमध्ये एका सकाळी बसमधल्या चार-पाच जणांच्या पाठीवर बेचाळीस दिसला. मी विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "ज्याने फक्त गोऱ्यांची असलेली बेसबॉल लीग काळ्या खेळाडूंना खुली करून दिली, त्याचा हा नंबर. आता कुणालाच देत नाहीत. फक्त आजच्या दिवशी सगळे खेळाडू तोच घालतात."

आणि नेमका आजच हा गृहस्थ साध्या स्वेटरमध्ये! माझा संशय आणखी वाढला. न राहवून मी विचारलं, "आज तुम्ही नाही घातला?"

"आज सगळेच घालतात," तो शांतपणे म्हणाला. "मी बाकीचे दिवस सांभाळतो."

पुढच्या स्टॉपवर तो उतरला. त्याचं नाव विचारावंसं फार वाटलं. पण इतके महिने ज्याच्याकडे चोर असल्यासारखं पाहिलं, त्याला नाव कुठल्या तोंडाने विचारणार?