बंद गिरणीचं भाडं

हे मी आजवर कोणापुढे बोललो नाही. बायकोला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं — तिच्याशीही त्यावर कधी बोलणं झालं नाही. आता तुम्हाला सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात — तरी बघा, अजून आडवळणानेच चाललोय.

अकोल्यात आमची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मी गयाकाकूंच्या घरी भाड्याने राहत होतो. पुढच्या खोलीत त्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. काकू विधवा, एकट्या. आमच्या भाड्यावरच त्यांचं चालायचं, आणि त्यातूनच डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या थोडं बाजूला टाकायच्या. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत चाललेला.

सरकारने हुकूम काढला — गिरणी सुरू होईपर्यंत बेकार कामगाराला थकलेल्या भाड्यासाठी घराबाहेर काढायचं नाही. चांगलाच हुकूम होता. पहिले दोन महिने त्यानेच आमच्या डोक्यावर छप्पर ठेवलं, हे काही खोटं नाही. पण घरमालकीण काय खाईल, हे त्या कागदात नव्हतं. आणि मी तरी कुठे विचारलं?

तिसऱ्या महिन्यात मला दर्यापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस मोजायचं काम मिळालं. पगार गिरणीपेक्षा बरा. आता भाडं द्यायला हवं होतं ना? मी दिलं नाही. रविवारी घरी आलो की काकूंना सांगायचो, "काम शोधून राहिलो, काकू." बहिणीचं लग्न होतं, आईचं आजारपण होतं — असं काही म्हणता आलं असतं तर! मी सायकल घेतली. नवी कोरी. काकूंच्या नजरेस पडू नये म्हणून ती दर्यापूरलाच ठेवायचो — ज्यांना धड दिसतही नव्हतं, त्यांच्यापासून लपवत होतो मी.

आणि त्या काय करत होत्या? आमची चूल पेटत नसेल म्हणून भाकरी आणून देत होत्या. दिसत नसल्यामुळे एका बाजूने करपलेल्या. बायको मान खाली घालून घ्यायची. मी जेवायचो.

पुढे त्यांच्या पुतण्याने मला काढण्यासाठी अर्ज केला. कचेरीत साहेबांनी विचारलं, काही कामधंदा मिळाला का? मी म्हणालो — नाही. पुतण्या तोंड उघडणार, तोच काकू उठल्या.

"साहेब, त्याले काढू नका. लेकराबाळाचा माणूस हाये, उपाशी हाये. माह्या डोयाचं पाहू मंग."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी मूग गिळून उभा राहिलो, आणि अर्ज फेटाळला गेला.

गिरणी सुरू व्हायला वर्ष लागलं. तोवर काकूंचा तोही डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. कोणी केला उशीर? — मी केला.

थकलेलं सगळं भाडं मी एकदम नेऊन दिलं. पैसे होतेच माझ्याकडे. काकूंनी एकेक नोट बोटांनी चाचपली. मग त्यातली एक काढून माझ्या मुठीत कोंबली.

"घे बापू, लेकराईले खाऊ घेजो. लय उपाशी दिवस काढले तुमी."

मी ती घेतली.