विठोजीअण्णांच्या चारशे फटी

कानडी मुलुखातल्या राजाजीनगरचे विठोजीअण्णा म्हणजे भलताच मानी माणूस. तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत नुसत्या हाताने शाईच्या रेषा ओढल्या. कुणी पट्टी पुढे केली तर त्यांना राग यायचा. चौऱ्याण्णव साली कचेरीत संगणक आला आणि कृष्णमूर्तीसाहेबांनी बजावलं, "महिन्यात शहराचे सगळे वॉर्ड यात उतरवा, नाहीतर निवृत्तीपर्यंत आवक-जावकला बसा." टपालावर शिक्के मारत बसायचं, या विचारानेच अण्णांचा जीव कासावीस व्हायचा.

शिकवायला पुण्याची नीलिमा होती, त्यांच्या लेकीच्या वयाची. नकाशा मेजावर चिकटवायचा, रेषेवरून माउससारखं यंत्र फिरवायचं, बटण दाबत जायचं, की तीच रेषा पडद्यावर. अण्णांनी हे आठवड्यात उचललं आणि महिन्यात काम उरकलं. साहेब बघायला आले. कुठल्या वॉर्डाला पाण्याची टाकी सगळ्यात लांब पडते, हे संगणक सांगणार होता. पण पडद्यावर एकही वॉर्ड रंगेना.

"अण्णा, रेषांत फटी आहेत," नीलिमा हळूच म्हणाली. "हद्द पुरती जुळल्याशिवाय त्याला वॉर्ड कळत नाही."

अहो, जुळणार कशी? रेषेच्या वाटेत वस्तीचं नाव आलं की लेखणी उचलायची, अक्षराला धक्का लावायचा नाही, ही अण्णांची जुनी शिस्त. मूळ नकाशा त्यांच्याच हातचा, त्यात रेषा नावापाशी तुटलेली. संगणकातही ती तशीच इमानदारीत तुटली होती. अशा फटी संगणकाने मोजल्या चारशे, पण कुठे कुठे ते सांगेना.

"शोधायलाच पंधरा दिवस जातील," नीलिमा म्हणाली. साहेबांनी मान हलवली. "सरी, ठीक आहे. मग सोमवारपासून आवक-जावक."

"स्वल्प थांबा, साहेब. पाचपर्यंत वेळ द्या," अण्णा म्हणाले आणि खुर्ची सोडली नाही.

कुठलं नाव कुठे आडवं आलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. नकाशाकडे न बघता ते सांगत गेले, "बसवनगुडीच्या खाली. आता डावीकडे, तळ्यापाशी," आणि नीलिमा पटापट रेषा जोडत गेली. दुपारचा डबा दोघांनीही उघडला नाही.

पाचला दहा कमी असताना पडदा रंगांनी भरला. टाकीपासून सगळ्यात लांबचा वॉर्ड लाल झाला. अण्णा लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले, कचेरी गोळा झाली.

साहेबांनी पुढे होऊन लाल वॉर्डावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "विठोजी, सोमवारी तीन नवी माणसं येणार आहेत. त्यांना तुम्ही शिकवायचं."